पित्त, पित्त म्हणता म्हणता

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका डॉक्टर भगिनीने केलेले भाषण)



विषय कोणता घ्यावा हे चिटणीसबाईंनी माझ्यावरच सोपवले होते. "बायकांच्या उपयोगाचे काहीतरी सांगा, पण घाबरवू नका," एवढीच त्यांची अट होती. ती पुरती पाळणे मला जमेल असे वाटत नाही. कारण आज ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे, त्याचे थोडेसे भय आपल्याला वाटावे अशीच माझी इच्छा आहे. थोडेसेच, फार नव्हे. विषय आहे पित्ताशयातील खडे आणि त्यांच्यापासून क्वचित उद्भवणारी विचित्र दुखणी.

जे क्वचित होते ते आम्हाला कशाला सांगता, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मी माझ्या मावशीच्या हकीकतीने देणार आहे. पण त्याआधी एका शब्दाचा हिशेब केला पाहिजे, कारण सारा घोटाळा त्या शब्दापासून सुरू होतो. तो शब्द म्हणजे "पित्त".

आपल्या घरात हा शब्द फार स्वस्त झाला आहे. डोके दुखले, पित्त झाले. जागरण घडले, पित्त झाले. अंगावर गांधी उठल्या, तेही पित्तच. छातीत जळजळले, आंबट ढेकर आली, तरी पित्त. मग आमसुलाचे सार, मोरावळा, थंड दूध, नाहीतर औषधाच्या दुकानातून आणलेली गुलाबी बाटली. बाईच्या पोटात दुखू लागले की घरातले सगळे, आणि सर्वांआधी ती स्वतः, "पित्त झालंय" म्हणून मोकळे होतात. या आंबट ढेकरा येतात त्या जठरातल्या आम्लामुळे. खरे पित्त निराळे. ते आपल्या यकृतात तयार होते, रंगाने पिवळसर हिरवे असते, आणि दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर स्रवते. यकृताच्या खालच्या अंगाला एक लहानशी पिशवी लोंबते, तिला पित्ताशय म्हणतात. तिच्यात दोनतीन मोठे चमचे पित्त आटवून साठवलेले असते. आपण तूप-तेलाचे जेवण जेवलो की ही पिशवी आकुंचन पावते आणि नळीवाटे पित्त लहान आतड्यात सोडते. तेलातुपाच्या पचनाला ते लागते.

आता खडे कसे होतात? पाकात साखर जास्त झाली की ती पुन्हा कणीदार होऊन बसते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झाले, आणि पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली, की तसेच होते. आधी कणी, मग खडा. कोणाच्या पिशवीत मोहरीएवढे शेकडो खडे सापडतात, तर कोणाच्या पिशवीत सुपारीएवढा एकच. हे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढते, आणि गरोदरपणात ही पिशवी सुस्तावते. त्याखेरीज वाढलेले वजन, वाढते वय, घराण्यातील वारसा हीही कारणे आहेतच. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांनाही खडे होतात, हे आजच्या तरुण मुलींनी ध्यानात ठेवावे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी लौकर मोडतात, आणि त्यांच्या रंगद्रव्याचे काळे खडे अगदी लहान वयातही होतात.

इथे आणखी एक गैरसमज दूर करते. पुष्कळ बायका मला सांगतात, "डॉक्टर, खडा आहे ना, मग मी कुळथाचे कढण घेते, पाणी भरपूर पिते, पडून जाईल." भगिनींनो, तो मुतखडा! मूत्रपिंडातला लहान खडा लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशयाचा आणि लघवीचा काडीचाही संबंध नाही. सफरचंदाचा रस आणि ऑलिव्हचे तेल पिऊन खडे पाडण्याचा एक उपाय अलीकडे फोनवरून फिरत असतो. दुसऱ्या दिवशी शौचावाटे हिरवट गोळे पडतात आणि बाई खूष होते. ते गोळे प्रयोगशाळेत तपासून झाले आहेत. प्यालेल्या तेलाचाच पोटात बनलेला तो एक प्रकारचा साबण असतो. खडे जागच्या जागीच राहतात.

आता धीराची गोष्ट सांगते, म्हणजे चिटणीसबाईंची अट निदान अर्धी तरी पाळली जाईल. ज्यांच्या पित्ताशयात खडे असतात, त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ऐंशी जणींना काहीच त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करावी आणि खडा दिसावा, असे हरघडी घडते. असा मुका खडा असला तर बहुतेकींना काही करावे लागत नाही. लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

पण मुका खडा एकदा बोलू लागला, की त्याचे ऐकले पाहिजे. त्याची भाषा ओळखायची कशी? दुखते ते उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागी मध्यावर. कळ पाठीत, उजव्या फऱ्याकडे जाते. बहुधा जड जेवणानंतर किंवा रात्री झोपेतून उठवते. अर्ध्या तासाहून अधिक, कधी तीनचार तास टिकते. ढेकर आली, शौचास झाले, कूस बदलली, तरी थांबत नाही. सोबत मळमळ आणि उलटी असते. आम्लाची जळजळ औषधाच्या घोटाने निवते, ही कळ तशी निवत नाही. अशी कळ एकदा येऊन गेली तर ती पुन्हा येण्याचा संभव मोठा असतो. म्हणून त्यावेळी सोनोग्राफी करून घ्यावी. साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक खडे दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात.

आता माझ्या मावशीची हकीकत.

मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी राहते. दहाबारा वर्षांमागे तिला अशीच कळ आली, तपासणी झाली, आणि एक मोठा खडा निघाला. सर्जननी शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून सांगितले. मावशी म्हणाली, "धाकटीचं लग्न उरकू दे." लग्न उरकले. मग तिचे बाळंतपण आले. मग काकांचे मोतीबिंदू. दरम्यान वर्षातून दोनतीनदा कळ यायची, मावशी "पित्त झालंय" म्हणून अंधाऱ्या खोलीत पडून राहायची, आणि संध्याकाळी उठून कुकर लावायची. आपण सगळ्या अशाच आहोत. घरातले प्रत्येकाचे दुखणे आपल्याला पाठ असते, आपले तेवढे पुढच्या महिन्यावर टाकलेले असते.

ती एकाहत्तर वर्षांची असताना एकदा चारपाच दिवस फार दुखले, तापही आला. आणि एके सकाळी दुखणे एकदम थांबले. तिने मला आनंदाने फोन केला. "अगं, विरघळला बघ खडा! कापाकापी टळली." भगिनींनो, मी डॉक्टर. मलाही बरे वाटले. "मावशी, सवडीने एकदा सोनोग्राफी करून घे," इतकेच मी म्हणाले. सवडीने!

तीनएक आठवड्यांनी तिला उलट्या सुरू झाल्या. एक दिवस उलट्या, दुसऱ्या दिवशी जरा बरे, पुन्हा उलट्या. तिने फोन केला तेव्हा मी फोनवरच गोळ्यांची नावे सांगितली. "पोट बिघडलं असेल, पेज घे." हे माझे शब्द आहेत, आणि ते मी विसरलेली नाही. तिसऱ्या दिवशी पोट फुगले, वारा सरेना, शौचास होईना, आणि उलटीला घाण वास येऊ लागला. तेव्हा भाचा तिला रातोरात गाडीत घालून शहरात घेऊन गेला. तिथल्या सर्जननी एक्स-रे पाहिला. आतडी फुगलेली होती, आणि यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांत हवा दिसत होती. तिथे हवा असण्याचे कारण नसते. त्यांनी सी.टी. स्कॅन केला, आणि लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्याच्या थोडे अलीकडे अडकून बसलेला खडा दाखवला.

झाले होते ते असे. सुजलेले पित्ताशय शेजारच्या आतड्याला चिकटते. आतला मोठा खडा दोन्ही भिंतींवर दाबत राहतो. दाबता दाबता भिंत कुजते आणि आरपार वाट पडते. खडा पित्ताशयातून आतड्यात उतरतो. पिशवीवरचा ताण गेला की दुखणे थांबते. रोग्याला वाटते, बरे झाले. खडा मात्र आतड्यातून पुढे सरकू लागतो. वाटेत अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, म्हणून उलट्या होतात, थांबतात, पुन्हा होतात. लहान आतड्याचा शेवट सगळ्यांत अरुंद. अडीच सेंटिमीटरहून मोठा खडा बहुधा तिथे कायमचा अडकतो. मावशीचा खडा तीन सेंटिमीटरांचा निघाला.

हा प्रकार फार जुन्या काळापासून माहीत आहे. डेन्मार्कच्या बार्थोलिन नावाच्या वैद्यकशास्त्रज्ञाने १६५४ साली तो नोंदवला. फ्रान्समधील डॉक्टर बुव्हेरे यांनी १८९६ साली असे रोगी वर्णिले, की ज्यांच्यात खडा खाली न उतरता जठराच्या तोंडाशीच अडकला होता. १९४१ साली अमेरिकेतील रिग्लर या क्ष-किरणतज्ज्ञाने एक्स-रेतील खुणा सांगितल्या: पित्तनळ्यांत हवा, फुगलेली आतडी, आणि भलत्याच जागी खडा. तरी आजही हे निदान उशिरा होते, कारण दुखणे पोटात एका जागी सुरू होते आणि दुसऱ्याच जागी उघडकीस येते. पित्ताशयात खडे असणाऱ्या शंभरात एकीलाही हे होत नाही. पण ज्यांना होते, त्यांत वयस्कर स्त्रियाच अधिक असतात. त्या वयात बहुतेकींना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे काहीतरी असते, आणि शस्त्रक्रियेचा धोका वाढतो. मावशीच्या सर्जननी तिचे वय पाहून आतड्यातला खडा तेवढा काढला, बाकी काही छेडले नाही. बारा दिवस ती दवाखान्यात होती. वाचली. खडा तिने कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवते. "मला वाटलं, दुखायचं थांबलं म्हणजे झालं," असे म्हणते. मलाही तसेच वाटले होते, हे मी तिच्यासमोर कबूल केले आहे, आणि आज आपणासमोरही करते.

दुसरा विचित्र प्रकार काविळीचा. कावीळ झाली म्हणजे आपल्याकडे पहिल्यांदा माळ घालतात, कावीळ उतरवून घेतात, तेल-तूप आणि हळद बंद करतात. यकृताला सूज आल्यामुळे होणारी कावीळ बऱ्याच वेळा आपोआप उतरते, म्हणून या उपायांना यश मिळाल्यासारखे दिसते. पण खड्यामुळे झालेली कावीळ निराळी असते. खडा पित्ताशयातून निसटून मुख्य पित्तनळीत अडकला की पित्ताची वाट बंद होते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरक्या मातीसारखा आणि अंगाला खाज. कधीकधी खडा मुख्य नळीत उतरतही नाही. पिशवीच्या मानेत रुतून बसतो आणि बाहेरूनच मुख्य नळी दाबतो. अर्जेंटिनातील कोर्दोबा शहराचे सर्जन पाब्लो मिरिझ्झी यांनी १९४८ साली याचे वर्णन केले, म्हणून त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. यात धोका दुहेरी. कावीळ तर असतेच, शिवाय सगळे भाग एकमेकांना इतके चिकटलेले असतात की शस्त्रक्रियेच्या वेळी कोणती नळी कोणती हे ओळखणे निष्णात सर्जनलाही कठीण जाते. मुख्य नळीला इजा झाली तर त्याचे भोग जन्मभर भोगावे लागतात. म्हणून कावीळ असेल तर आधी नळ्यांचे चित्र दाखवणारी एम.आर.आय. तपासणी करतात. डॉक्टरांनी ती सांगितली तर "उगाच खर्च" म्हणू नये.

काविळीबरोबर थंडी वाजून ताप आणि पोटात दुखणे अशी तिन्ही लक्षणे एकत्र आली, तर तुंबलेल्या पित्तात जंतू शिरले असे समजावे. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८७७ साली ही त्रयी सांगितली. अशा वेळी माळ नको आणि उद्याची वाटही नको. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेले पाहिजे. आतड्यातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढता येतो आणि पित्ताची वाट मोकळी होते. लहान खडे याच वाटेने जाऊन स्वादुपिंडाला सूज आणतात. तेव्हा कळ सरळ पाठीत घुसते आणि उलट्या थांबत नाहीत. म्हणजे खडा लहान आहे म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही.

मधुमेही भगिनींना एक वेगळी सूचना. मधुमेहात दुखण्याची जाणीव बोथट होते. आत पित्ताशय सडायला लागले, त्यात वायू धरला, तरी बाई म्हणते, "थोडं दडपल्यासारखं वाटतंय." म्हणून ताप आला, साखर अचानक वाढली, आणि उजव्या बाजूस जरासे जरी दुखले, तरी दाखवून यावे. गरोदर मुलींच्या बाबतीतही, "या दिवसांत असं होतंच" म्हणून पोटातली कळ आणि पिवळे डोळे अंगावर काढू देऊ नये. जरूर पडल्यास गरोदरपणातही ही शस्त्रक्रिया करता येते, मधले तीन महिने त्याला बरे.

कर्करोगाचे नाव घ्यायला मला आवडत नाही, पण वगळणेही बरे नव्हे. पित्ताशयाचा कर्करोग दुर्मिळ आहे. आपल्या देशात तो गंगेच्या खोऱ्यात अधिक आढळतो, आणि स्त्रियांत अधिक. खडे असलेल्या फारच थोड्यांना तो होतो. तरी तीन सेंटिमीटरहून मोठा खडा किंवा पिशवीची भिंत चुन्यासारखी कडक झालेली दिसली, तर दुखत नसले तरी सर्जनचा सल्ला घ्यावा. आणि काढलेले पित्ताशय तपासणीला पाठवले का, हे विचारावे.

आता शस्त्रक्रियेच्या भीतीविषयी. पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी केली. रोगी ४३ वर्षांचा होता, आणि सोळा वर्षे हे दुखणे सोसत होता. तो बरा झाला. पुढची शंभर वर्षे बरगडीखाली लांब छेद घेऊनच हे काम होत असे. १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी लहान छिद्रांतून दुर्बिणीने ते केले. आपल्या देशात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीने पित्ताशय काढले, आणि ही सोय सामान्य माणसांपर्यंत पोचली. आता बहुतेक रोगी एकदोन दिवसांत घरी येतात. पित्ताशय गेल्यावर पित्त यकृतातून सरळ आतड्यात उतरते. माणूस पहिल्यासारखा जेवतो-खातो. काहींना सुरुवातीला शौचास पातळ होते, एवढेच.

मात्र शस्त्रक्रियेचे कागद रद्दीत घालू नका. दुर्बिणीने काढताना कधी पिशवी फाटून एखादा खडा पोटात सांडतो. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी राहतो, पण क्वचित वर्षांनंतर त्याभोवती पू धरतो, आणि गळू पाठीत किंवा कुशीत दिसते. ते पाहून कोणाला पित्ताशयाची आठवण होत नाही. जुना कागद असला तर होते.

भगिनींनो, मी फार बोलले. घरी जाताना एवढेच न्यावे. मुका खडा असेल तर भिऊ नका. एकदा कळ आली असेल तर लग्नकार्य, बाळंतपण, दिवाळी यांच्या मागे शस्त्रक्रिया ढकलू नका. साठीत ती सोपी असते, पंचाहत्तरीत अवघड होते. पाचसहा तासांहून अधिक कळ, थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, किंवा उलट्या आणि वारा सरत नसलेले फुगलेले पोट, यांतले एकही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि खड्याचे दुखणे चारपाच दिवस ठणकून एकाएकी थांबले, तर देवाचे आभार माना आणि दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला जा. सवडीने नव्हे.

शेजारणीने "पित्त झालंय" म्हटले, तर तिला आमसुलाचे सार जरूर द्या, पण एक प्रश्नही विचारा: "कुठे दुखतं गं? किती वेळ?" मी माझ्या मावशीला तो वेळेवर विचारला नाही. आपण विचारावा, म्हणून आज इथे उभी राहिले.